शेजारचा ब्रेक

आणि गाडी थांबली. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. वाहतूक पोलीस, शिवणवाल्या बाई, मागून येऊन जेमतेम सावरलेला टेम्पोवाला, वकील, मेव्हणा, बायको, सगळ्यांना एवढं मान्य होतं की गाडी पोलिसाच्या गुडघ्यांपासून वीतभर अलीकडे थांबली, आणि थांबली नसती तर. पुढचं ज्याने त्याने आपापल्या कुवतीप्रमाणे पुरं केलं होतं. मास्तरला ते पुरं करायची गरज वाटत नव्हती. तो अजून थांबण्याच्या अलीकडेच होता. तिथे गाडी चालू होती, काचेत गणवेशातली पाठ मोठी होत होती, शेजारून बाईंनी श्वास आत ओढल्याचा आवाज आला होता, टाका उसवताना येतो तसा, आणि मग पाय. कुणाचा तरी पाय.

पुन्हा.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत ब्रेक दोन असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरच्या. दोन्ही एका दांडीने जोडलेले. मास्तरने आपला दाबला की शिकणाऱ्याचा आपोआप खाली जातो, शिकणाऱ्याने दाबला की मास्तरच्या बुटाखालचा खाली जातो. हे नव्या माणसाला फोड करून सांगायचं नसतं. सांगितलं की तो निर्धास्त होतो आणि पाय ढिला सोडतो. धंद्याची रीतच अशी की ब्रेक आपण दाबायचा, आणि गाडी थांबली की मान हलवून म्हणायचं, "वा, छान थांबवलीत." किती माणसं मास्तरच्या पायाने थांबून, आपण थांबलो या आनंदात घरी गेली होती. पोट सुटलेले व्यापारी, लग्न ठरलेल्या मुली, निवृत्तीनंतर हौस म्हणून आलेले आजोबा. पुढे कधी रस्त्यात भेटली तर काच खाली करून हात करायची. मास्तरही हात करायचा. आणि मनात म्हणायचा, अरे गाढवा, तू अजून एकदाही थांबलेला नाहीस.

आत्ता तो एका लांबलचक बोळवजा व्हरांड्यात बाकावर बसला होता. एका बाजूला मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, ड्रायव्हिंग स्कूलचा मालक. दुसऱ्या बाजूला शिवणवाल्या बाई, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात, जणू फोटो काढायचा आहे. समोर परिविक्षा अधिकाऱ्याच्या खोलीचं दार. या दाराशी त्याची जुनी ओळख होती. पहिल्या खटल्यात न्यायाधीशाने शिक्षा ठोठावली होती, पण भोगायला पाठवलं नव्हतं. दर महिन्याला या मॅडमसमोर येऊन बसायचं, नीट वागतोय हे दाखवायचं, मुदत संपेपर्यंत दारू पिऊन गाडीचा ताबा घ्यायचा नाही. घेतला, की जुनी शिक्षा जागी होणार आणि सरळ आत. मॅडम दर खेपेला विचारायच्या, "पिणं?" तो म्हणायचा, "बंद." त्या लिहायच्या. त्या लिहिताना त्याला दर वेळी वाटायचं, या बाईला ऐकूनच कळतंय. तरी लिहिते. त्यांच्याही धंद्याची काही रीत असणार.

"दाजी," मेव्हणा कुजबुजला, "एकदा म्हणून दाखवा बघू."

"काय?"

"काय म्हणजे? ठरलंय ते. मी काही केलं नाही. एवढंच वाक्य. शेजारच्या सीटवर प्यायलेला माणूस बसला असेल तर तो नुसता बसलेला माणूस. गाडी बाई चालवत होत्या, ब्रेक बाईंनी दाबला, ताबा बाईंचा. तुमचं शिकवायचं लायसन्स जाईल. जाऊ दे. ऑफिसात बसा, फोन उचला. पण तुम्ही ब्रेकला पाय लावला असं एकदा कागदावर आलं, की गाडी तुमच्या ताब्यात. मग वकील काय, वकिलाचा बापही काही करू शकत नाही. कळलं?"

"कळलं."

"मग म्हणा."

"मी काही केलं नाही."

"जरा जीव ओतून म्हणा हो. किराणा सांगितल्यासारखं काय म्हणताय?"

मेव्हण्याच्या शर्टाला इस्त्रीचा वास येत होता. हा मुलगा मास्तरच्या लग्नात बुटांपाशी राखण करायला बसला होता, अर्ध्या चड्डीत. त्याला गाडी शिकवली ती मास्तरनेच. आज तो ओठ न हलवता बोलायला शिकला होता आणि मास्तरच्या तोंडात वाक्य घालत होता, औषधाचा चमचा घालावा तसं. मी काही केलं नाही. मास्तरने ते मनात घोळवून पाहिलं. वाक्य तसं सोपं होतं. तोंडात बसतही होतं. चीड त्याचीच येत होती.

बायको आली नव्हती. सकाळी तिने डबा भरून ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "मी येऊन काय करू? तुमच्या शेजारी बसून मला पुरे झालं." ती औषधाच्या दुकानात काउंटरला उभी असते, दिवसभर लोकांची दुखणी ऐकते, आणि घरी आल्यावर एकच शब्द वापरते, "करा." म्हणजे तोंड उघडा, हा करा. पूर्वी ती यासाठी जवळ यायची. चवड्यांवर उभी राहायची, नाक त्याच्या हनुवटीपाशी आणायची, आणि त्याला वाटायचं, बाहेरून कुणी पाहिलं तर म्हणेल काय प्रेम आहे. मग तिने जवळ येणं सोडलं. खोलीच्या त्या टोकाला बसून, मटार सोलता सोलता, मान वर न करता म्हणायची, "करा." तोही तिथूनच करायचा. एवढ्या अंतरावरून वास येणं शक्य नव्हतं. तरी तिला कळायचं. तो हा करताना डोळे मिटतो की उघडे ठेवतो त्यावरून, असं तिने मुलीला एकदा सांगितलं होतं. मुलीने ते त्याला सांगितलं. मुलगी असंच सांगते सगळं, हवामानाच्या बातम्या सांगाव्यात तसं. नोकरी लागून दुसऱ्या गावी गेली आणि एके दिवशी फोनवर म्हणाली, बाबा, मला लायसन्स मिळालं. कुठे शिकलीस? इथेच, एका क्लासला. अगं, मी असताना? ती म्हणाली, बाबा, मला स्वतःचं स्वतः थांबायला शिकायचं होतं.

पोरीने ते मुद्दाम म्हटलं नसेल. पण लागलं ते लागलं. त्या दिवशी तो दुपारीच प्याला होता. नाही, त्या दिवसापासून दुपारी, असं म्हणायला हवं. त्याआधी फक्त संध्याकाळी, गाडी शेडमध्ये लावून झाल्यावर. दिवसभर शेजारी बसून बसून हात रिकामे राहतात. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात, गिअर दुसऱ्याच्या हातात, रस्ता दुसऱ्याच्या काचेसमोर, आणि आपण नुसते टपून बसलेले, कुणाच्या तरी चुकीची वाट बघत. चूक झाली की पाय. चूक नाही झाली तर काहीच नाही, दिवस फुकट. संध्याकाळी ग्लास हातात आला की निदान काहीतरी धरल्यासारखं वाटायचं. हे त्याने मॅडमना पहिल्या भेटीत सांगायचा प्रयत्न केला होता. त्यांनी विचारलं, "म्हणजे कामाचा ताण?" तो म्हणाला, "हो, ताण." त्यांनी तसं लिहिलं.

पहिला अपघात, पिऊन केलेला, ज्यावरून तो पहिला खटला झाला. त्याची आठवण नको असते, पण या बाकावर बसलं की ती येतेच, ठरलेल्या गिऱ्हाइकासारखी. स्वतःची गाडी, स्वतःच्या हातात स्टिअरिंग, शेजारी बायको, कुणाच्या तरी वाढदिवसाहून परतत होते. वळणावर एक बंद दुकान समोर आलं. शटर, त्यावर रंगवलेली चपलांची चित्रं, चपला मोठ्या मोठ्या होत गेल्या. आणि मास्तरने काय केलं? शेजारी बघून ओरडला, "ब्रेक! ब्रेक दाबा, ब्रेक!" दोन्ही पाय त्याचे, पेडलही त्याचंच, आणि तो शेजारच्या माणसाला ओरडून सांगत होता. जन्मभर तेच केलं होतं ना. शेजारी बायको. तिच्या पायाशी नुसती चटई. ती बिचारी दोन्ही पायांनी चटई दाबत होती. हे तिने नंतर मनगटाला प्लास्टर असताना शेजारणीला सांगितलं, आणि दोघी हसल्या. हसता हसता बायको रडायला लागली. आतल्या खोलीत पडून तो दोन्ही ऐकत होता. हसणं जास्त वाईट होतं.

"मास्तर, पाणी?" शिवणवाल्या बाईंनी पर्समधून बाटली काढली.

"नको."

"घ्या हो. तोंड बघा कसं झालंय. मी आहे ना. मी सगळं सांगते बरोबर."

बाईंचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं. नवरा गेल्यावर त्याची गाडी दारात धूळ खात उभी होती. मुलगा म्हणाला विकून टाक. त्या म्हणाल्या, का म्हणून? आणि क्लासला आल्या. पहिल्या दिवशी सीटवर बसून म्हणाल्या, "तुम्हाला काय म्हणायचं? मास्तर? आमच्या धंद्यात मास्तर म्हणजे कापणारा हो. जपून." तोंडाला खळ नव्हता. सिग्नल लागला की शेजारच्या गाडीतल्या बाईच्या ब्लाउजचा गळा कसा चुकलाय ते सांगत. पण पाय? पाय आयुष्यभर शिलाई मशीनवर. भीती वाटली की त्यांचा पाय खाली जायचा, पण दाबलं की मशीन पळतं, एवढंच त्या पायाला ठाऊक. कुत्रं आडवं आलं, पाय खाली, गाडी पुढे. मास्तरचा पाय तयारच असायचा. वा, छान थांबवलीत. बाई खूश. त्यांनी मुलाला फोन करून सांगितलंही होतं, मला आता थांबवता येते.

पुन्हा.

ती सकाळ. चहाच्या आधी थोडी, चहात थोडी, चहानंतर पेपरमिंट. डोकं स्वच्छ होतं. हे तो शपथेवर सांगायला तयार होता, पण प्यायलेल्या माणसाची शपथ कोण घेतो. बाई बोलत होत्या. कुणाची तरी सून, बाहीची उंची. उन्हात उभ्या गाड्यांची रांग. रांगेतून वाहतूक पोलीस मागे मागे सरकत रस्त्यात आला, पाठमोरा, पलीकडच्या ट्रकला हात करत. बाईंचा श्वास. मास्तरने खाली पाहिलं नाही, कधीच बघत नाही, पाय आपला आपण जातो. बुटाखाली पेडल खाली गेलं. एवढं नक्की. पेडल खाली गेलं, तळव्याला जाणवलं, गाडी नाक खाली करून थांबली. आणि त्याच्या तोंडून, नेहमीच्याच आवाजात, नेहमीचंच बाहेर पडलं, "वा, छान थांबवलीत."

पोलीस वळला. आधी गाडीच्या बोनेटकडे पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे, मग तरातरा मास्तरच्या बाजूला आला. काच उघडी. आत डोकं घालून ओरडला, "काय शिकवताय काय हो? माणसं मारायला?" आणि ओरडता ओरडता थांबला. नाक हललं. बायकोचं हलायचं तसंच. मग नळी आली, फुंका म्हणाला, जोरात फुंका, आणि मास्तरने फुंकलं. ज्याचे पाय वाचले त्याच्याच हातात फुंकलं. त्याला तेव्हा हसूच आलं होतं. पोलिसाने तेही लिहून घेतलं, आरोपी हसत होता.

हसण्याचं काय घेऊन बसलात. प्रश्न पायाचा. पेडल खाली गेलं हे खरं, पण ते पायाने दाबलं म्हणून गेलं, की खाली गेलं म्हणून पाय त्याच्यामागे गेला? इतकी वर्षं हा प्रश्न पडलाच नव्हता. गाडी थांबली म्हणजे आपण थांबवली. शंका घ्यायची ती शिकणाऱ्याने. मेव्हण्याने त्या संध्याकाळी घरी येऊन आनंदाने सांगितलं, "दाजी, सुटलात! त्या बाई म्हणतायत ब्रेक मी दाबला!" बायकोने गॅस बारीक केला. मास्तर म्हणाला, "छे. त्यांना दाबता येत नाही." मेव्हणा म्हणाला, "नसेल येत. त्या दिवशी आला." त्या दिवशी आला. तेव्हापासून मास्तरच्या तळव्यात काहीतरी सरकत होतं. झोपेतून जागा झाला की तो पलंगाच्या पायथ्याशी असलेल्या फळीवर पाय दाबून बघायचा. फळी हलायची नाही. निदान फळी तरी.

शिपायाने बाईंना आत बोलावलं. त्या उठल्या, साडी सारखी केली, मास्तरकडे बघून डोळे मिचकावले आणि गेल्या. दार पुरतं लागलं नाही. फटीतून आवाज येत होता, आणि बाईंचा आवाज म्हणजे मशीन, एकदा चालू झालं की कापड संपेपर्यंत.

"...काय सांगू मॅडम, समोर एवढा धिप्पाड माणूस! दुसरी असती तर किंचाळली असती. मी नाही किंचाळले. पाय असा खाली गेला, असा, इथे खाली बघा, आणि गाडी जागच्या जागी. मी म्हटलं, हे मी केलं? पण पाय माझाच होता ना. नवरा होता तेव्हा म्हणायचा, तुझ्या हाती गाडी दिली तर गल्ली रिकामी होईल. आज असता तर बघितलं असतं त्याने. मुलगा सारखा म्हणतोय गाडी विकू, विकू. मी म्हटलं, आता विकून दाखव."

"आणि शिक्षक?"

"मास्तर? ते बिचारे नुसते बसले होते. ते काय करणार? त्यांची अवस्था तुम्हाला माहीतच आहे. पण माणूस मनाचा चांगला हं. लगेच म्हणाले, छान थांबवलीत. आणखी काय पाहिजे?"

मेव्हण्याने मास्तरच्या गुडघ्यावर थाप मारली. चेहऱ्यावर न मावणारं हसू. झालं, असं त्याने नुसत्या भुवयांनी सांगितलं. मास्तरने त्याचा हात उचलून बाजूला ठेवला, जपून, काचेची वस्तू ठेवावी तसा. ते बिचारे. नुसते बसले होते. ते काय करणार. त्याला आठवेना, आजवर कुणी त्याच्याबद्दल याहून खरं काही बोललं होतं का. आणि खरं असेल तर मग आजवरचं सगळंच. ते व्यापारी, त्या मुली, ते आजोबा. कुणास ठाऊक, सगळे आपापले थांबत असतील, आणि शेजारी एक मास्तर, बुटाखाली हलणाऱ्या लोखंडावर पाय ठेवून, वा वा करत बसलेला. मुलीने बघितलं असेल लहानपणी कधीतरी. म्हणून गेली दुसऱ्या क्लासला.

"तुमच्यामागे तुमची ताई आहे हे लक्षात ठेवा," मेव्हणा म्हणाला. मग जीभ चावून, "म्हणजे माझी ताई."

आत बोलावलं. बाई बाहेर येता येता त्याच्या दंडाला हलकेच हात लावून गेल्या. मॅडमच्या टेबलावर चष्म्याची मोकळी डबी, कागद, थंड झालेला चहा. त्यांनी वर पाहिलं. थकलेला चेहरा, पण वाईट नाही.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "बाईंचं म्हणणं मी घेतलंय. स्पष्ट आहे. शिकवताना प्यायलात ते वाईटच, ते मी लिहिणार. पण गाडीचा ताबा तुमच्याकडे नव्हता असं दिसतंय. तसं मी न्यायालयाला कळवलं तर बहुतेक तुम्ही घरी जाल. तुम्हाला यात काही सांगायचंय?"

वाक्य तयार होतं. जिभेवर होतं. बायको ओट्याशी उभी असेल, फोन वाजायची वाट बघत, आणि वाट बघत नाही असं दाखवत.

"ब्रेक मी दाबला," मास्तर म्हणाला.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "काय?"

"त्यांनी नाही. त्यांना ब्रेक दाबता येत नाही. भीती वाटली की त्यांचा पाय वेग वाढवतो. मी दाबला म्हणून तो पोलीस आज चालतोय."

"पण त्यांचं पेडल खाली गेलं म्हणतात."

"जोडलेली असतात. माझं गेलं की त्यांचं जातं."

"आणि त्यांचं गेलं की तुमचं?"

मास्तरने खुर्चीखाली पाय मागे ओढून घेतला.

"मग तुम्हाला कसं कळलं, कुणाचा पाय होता?" त्या हे रागाने विचारत नव्हत्या. खरोखर जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारत होत्या, ते जास्त जड गेलं. "तुम्हीच त्यांना म्हणालात ना, छान थांबवलीत?"

"ते मी सगळ्यांनाच म्हणतो."

"तुम्ही आत जाल, हे कळतंय ना तुम्हाला? तुम्ही प्रामाणिकपणे सांगताय म्हणून कुणी हार घालणार नाही."

प्रामाणिकपणा? मास्तरला त्या शब्दाची गंमत वाटली. तो शब्द या खोलीत आला तेव्हा मास्तर इथे नव्हताच, अजून त्या गाडीतच होता. "कळतंय," तो म्हणाला. "लिहा."

मॅडमनी बेल वाजवून बाईंना परत बोलावलं. मागोमाग मेव्हणाही घुसला. मॅडमनी सरळ विचारलं, "हे म्हणतात, ब्रेक त्यांनी दाबला. तुम्ही नाही. तुम्ही काय म्हणता?"

"दाजी!" मेव्हणा ओरडला. "अहो, काय खूळ लागलंय? मॅडम, त्यांचं डोकं ठिकाणावर..."

"तुम्ही गप्प बसा."

बाई मास्तरकडे बघत राहिल्या. त्यांच्या तोंडावरून आधी आश्चर्य गेलं, मग अपमान गेला, गालांवर लाल होऊन थांबला आणि उतरला. मास्तर वाट बघत होता. त्यांनी भांडावं, शपथा घ्याव्यात, पाय आपटावा, किंवा पटून मान खाली घालावी. दोन्हींपैकी काहीही चाललं असतं. कुणीतरी एकदा नक्की करून द्यावं.

बाईंनी पर्सची चेन ओढून बंद केली.

"तुमचा असेल, मास्तर," त्या म्हणाल्या. दुकानात हुज्जत घालणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणावं तसं, समजुतीने, डोळे दुसरीकडे वळवत. "तुमचाच असेल. मला कुठे त्यासाठी आत जाऊन बसायचंय."

आणि बाहेर गेल्या. व्हरांड्यात त्यांच्या चपलांचा आवाज बराच वेळ, न अडखळता, जात राहिला. मेव्हणा खिशात फोन चाचपत होता, आता ताईला काय सांगायचं म्हणून. मॅडमनी जुना कागद बाजूला सारून नवा घेतला, चार ओळी लिहिल्या, कागद त्याच्याकडे फिरवला आणि खालच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. मास्तरने न वाचता, झटकन सही केली, ब्रेक कोणत्या पायाने हे कुणी विचारायच्या आत.